यदृच्छेचीं कुळें

‘वांटणी’ हा शब्द एकत्र कुटुंबाच्या घरांत सहसा मोठ्यानें उच्चारला जात नाहीं. तो उच्चारला गेला म्हणजे मागोमाग पंच, मोजणीदार आणि वकील यांचीं पावलें वाजूं लागतात. परंतु आज आम्ही ज्या वांटणीची हकीकत सांगणार आहोंत तिनें कोणाचें घर मोडलेलें नाहीं. उलट ती नीट समजली तर कित्येक घरांतील कलह आणि कित्येक कारखान्यांतील अन्याय टळतील, असा आमचा विश्वास आहे. ही वांटणी यदृच्छेची आहे. एखादी गोष्ट मुळींच घडणार नाहीं, एकदां घडेल, दोनदां घडेल कीं दहादां घडेल, हें आगाऊ सांगतां येत नसलें, तरी त्या निरनिराळ्या फळांमध्यें संभवाचा एकंदर रुपया कसा वांटला जातो हें पुष्कळदां सांगतां येतें. गणितज्ञ यालाच संभाव्यतेची वांटणी म्हणतात. जेथें फळ मापून नव्हे तर शून्य, एक, दोन, तीन असें मोजून सांगावयाचें असतें, तेथें त्या वांटणीस ‘विविक्त’ हें विशेषण लावतात. या वांटण्यांचीं कुळें आहेत, त्या कुळांत भाऊबंदकी आहे, आणि प्रत्येक कुळाचे कांहीं कुळाचारहि आहेत. ज्यास हे कुळाचार ठाऊक नाहींत, तो यदृच्छेच्या हातून झालेल्या गोष्टीबद्दल माणसास दोष देतो आणि माणसाच्या हातून झालेली गोष्ट यदृच्छेच्या माथीं मारतो. या दोन्ही चुका महाग पडतात.

प्रथम घरांतलेंच उदाहरण घेऊं. चार अपत्यांचें एक कुटुंब आहे. मुलगा किंवा मुलगी होण्याचा संभव तूर्त समसमान धरूं. पहिल्या अपत्याचे दोन प्रकार, दुसऱ्याचे दोन, असें करीत चार अपत्यांचे एकंदर सोळा प्रकार होतात. त्यांपैकीं एकांत चारही मुलगे; चारांत तीन मुलगे व एक मुलगी; सहांत दोन मुलगे व दोन मुली; चारांत एक मुलगा व तीन मुली; आणि एकांत चारही मुली. म्हणजे जुन्या सोळा आण्यांच्या रुपयाची येथें १, ४, ६, ४, १ अशी वांटणी झाली. आतां बहुतेकांची समजूत अशी कीं, चार मुलांत दोन मुलगे व दोन मुली हाच स्वाभाविक प्रकार, बाकी सर्व दैवाचे फेरे. पण हिशेब पाहिला तर दोन-दोनच्या वांट्यास सहाच आणे येतात, आणि तीन-एक या विषम प्रकारास, दोन्ही बाजू मिळून, आठ आणे येतात. विषमता हाच येथें नेहमीचा नियम आहे.

हा हिशेब आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकांत टीका लिहिणाऱ्या हलायुधानें जो मेरुप्रस्तार सांगितला आहे, त्याची एक ओळ म्हणजेच १, ४, ६, ४, १. चार अक्षरांच्या चरणांत गुरु अक्षरें शून्य, एक, दोन, तीन किंवा चार असे प्रकार किती, हा त्या ओळीचा अर्थ. लघु-गुरूंच्या जागीं मुलगा-मुलगी घातली कीं छंदःशास्त्राचें संभाव्यतेंत रूपांतर होतें. युरोपांत सतराव्या शतकांत पास्कलनें याच त्रिकोणाचा अभ्यास केला, आणि याकोब बेर्नुली याच्या १७१३ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत या वांटणीस शास्त्राचें स्थान मिळालें. हिला द्विपद वांटणी म्हणतात. हें आपल्या विषयांतील आद्य कुळ होय.

या कुळाचा पहिला कुळाचार असा: मागें काय झालें याची आठवण यदृच्छा ठेवीत नाहीं. पांच अपत्यांच्या बत्तीस घरांपैकीं सरासरीनें एका घरांत पांचही मुलीच असावयाच्या. त्या घरीं सहाव्या वेळीं ‘आतां मुलगाच व्हावयाचा’ असें म्हणणाऱ्या आजीबाई, आणि ‘या सुनेच्या नशिबीं मुलीच’ असें म्हणणाऱ्या सासूबाई, दोघीही सारख्याच चुकतात. सहाव्या वेळींही संभव आठ-आठ आण्यांचाच. शिवाय अपत्य मुलगा कीं मुलगी हें पित्याच्या बीजावरून ठरतें, मातेच्या नव्हे, हें आतां शाळेच्या पुस्तकांतही असतें. बत्तीस घरांतील एकास जें येणारच होतें तें आपल्या घरीं आलें, एवढ्याच कारणावरून किती सुनांचें आयुष्य कडू झालें असेल याची गणती कोणत्याही खानेसुमारींत सांपडणार नाहीं.

घरांत ही चूक जशी सुनेच्या वांट्यास येते, तशी कारखान्यांत ती मजुराच्या वांट्यास येते. तें पाहण्यासाठीं ठाणें जिल्ह्यांतील भिवंडीस जाऊं. कामवारी नदीकांठचें हें गांव यंत्रमागांसाठीं देशभर प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत येथें हातमागांच्या जोडीला विजेवर चालणारे माग येऊं लागले. १९८२ च्या संपानें मुंबईच्या गिरण्या थंडावल्यावर तेथील पुष्कळसें काम इकडे वळलें. आणि आळीआळींतून ऐकूं येणारा मागांचा खडखडाट हीच गांवाची ओळख होऊन बसली. येथील विणकर एकाच वेळीं अनेक माग संभाळतो, आणि त्याची मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. विणतांना ताण्याचा धागा तुटतो, बाण्याची कांडी संपते, कधीं धोटा मध्येंच अडकतो. त्यांतून कापडावर कोठें रेघ पडते, कोठें बारीक खिंडार राहतें. ताका मागावरून उतरला म्हणजे तो तपासतात. दोष फार निघाले तर त्या मालास भाव कमी येतो, आणि तो तोटा विणकराच्या मजुरींतून वळता करून घेण्याचा मोह मालकास होतो.

आतां अशी कल्पना करा कीं, एका मालकाकडे चाळीस विणकर आहेत. सर्व सारखेच कसबी, सूत एकाच प्रतीचें, माग एकाच जातीचे. दर ताक्यांत सरासरी दोन दोष निघतात. एका आठवड्यांत प्रत्येकाचा एकेक ताका तपासला, तर प्रत्येकांत दोन-दोनच दोष निघतील काय? मुळींच नाहीं. गणित सांगतें कीं, अशा शंभर ताक्यांत सरासरीनें १४ ताके निर्दोष असतील. २७ ताक्यांत एक दोष, २७ मध्यें दोन, १८ मध्यें तीन, ९ मध्यें चार, आणि उरलेल्या ५ ताक्यांत पांच किंवा अधिक दोष निघतील. म्हणजे चाळीस विणकरांपैकीं पांच-सहा जणांचा माल निष्कलंक ठरेल, आणि दोघांच्या मालांत पांचाहून कमी दोष सांपडणार नाहींत. सर्वांचें कसब तंतोतंत सारखें असतां हें होईल.

दप्तर संभाळणारे मेहताजी काय करतील? त्या पांच-सहांस शाबासकी देतील आणि दोघांची मजुरी कापतील. गंमत पुढेंच आहे. पुढल्या आठवड्यांत ज्यांची मजुरी कापली त्या दोघांचा माल बहुधा सुधारलेला दिसेल, कारण पांच दोषांची पाळी लागोपाठ दोनदां एकाच माणसावर येणें कठीण. मेहताजी म्हणतील, कापणीचा गुण आला. ज्यांस शाबासकी दिली त्यांच्या मालांत दोष वाढलेले दिसतील. मेहताजी म्हणतील, स्तुतीनें डोक्यांत वारें शिरलें. अशा रीतीनें, शिक्षेनें काम सुधारतें व कौतुकानें बिघडतें, हा खोटा सिद्धांत मेहताजींस दर आठवड्यास नव्यानें पटत जातो. आमच्या वाचकांपैकीं जे मुलांच्या परीक्षांचे गुण पाहून कान पिळतात किंवा पेढे वांटतात, त्यांनीं या मेहताजींकडे जरा ओळखीच्या नजरेनें पाहावें.

वर जी १४, २७, २७, १८, ९, ५ अशी वांटणी सांगितली ती दुसऱ्या कुळाची. घडण्याच्या संधी असंख्य, पण प्रत्येक संधीस घडण्याचा संभव अत्यल्प, अशा ठिकाणीं हें कुळ नांदतें. ताक्यांत धाग्यांच्या गांठीभेटी लाखों असतात. त्यांतील एखादीच चुकते. फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या नांवानें ही वांटणी ओळखली जाते. १८३७ सालीं ज्या ग्रंथांत त्यानें ही मांडली त्याचा मुख्य विषय न्यायालयांचे निवाडे कितपत बरोबर असावेत हा होता, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. अपराधी कोण आणि निरपराधी कोण, या विचारापोटींच हें गणित वाढलें.

पुढें १८९८ मध्यें बोर्टकिएविच नांवाच्या संख्याशास्त्रज्ञानें प्रशियाच्या घोडदळाचे आंकडे घेऊन या कुळाची कसोटी पाहिली. दहा पलटणींत वीस वर्षांत घोड्याची लाथ बसून किती शिपाई मेले, याची ती नोंद. दहा पलटणी व वीस वर्षें मिळून २०० नोंदी, आणि एकंदर मृत्यु १२२. पैकीं १०९ नोंदींत एकही मृत्यु नाहीं, ६५ मध्यें एक, २२ मध्यें दोन, ३ मध्यें तीन आणि एका नोंदींत चार. प्वासाँच्या हिशेबानें अनुक्रमें १०९, ६६, २०, ४ व १ यावयास हवे होते. ज्या पलटणींत एका वर्षांत चार शिपाई मेले तेथील अधिकाऱ्यास जाब विचारला गेला कीं नाहीं, हें आंकडे सांगत नाहींत. परंतु दोनशें नोंदींत असें एकदां व्हावयाचेंच होतें, हें मात्र ते स्पष्ट सांगतात.

प्वासाँ-कुळाचा एक कुळाचार व्यवहारांत अत्यंत उपयोगी आहे. प्रत्येक आंकडा सरासरीपासून किती दूर आहे तें पाहावें, त्या अंतराचा वर्ग करावा, आणि सर्व वर्गांची सरासरी काढावी. या आंकड्यास विचरण म्हणतात. वांटणी किती पसरली आहे याचें तें माप होय. प्वासाँ-कुळांत विचरण व सरासरी हीं समसमान असतात. तेव्हां आपल्या वहींतील आंकड्यांचें विचरण सरासरीइतकेंच निघालें, तर माणसामाणसांत भेद शोधीत बसूं नये. जो भेद दिसतो तो यदृच्छेचा खेळ आहे. द्विपद-कुळांत विचरण सरासरीहून कमी असतें. आणि जेथें तें सरासरीहून स्पष्टपणें अधिक निघतें तेथें तिसऱ्या कुळाशीं गांठ आहे असें समजावें.

त्या तिसऱ्या कुळास ऋण-द्विपद असें काहींसें रुक्ष नांव आहे. त्याची प्रसिद्ध कथा पहिल्या महायुद्धांतील इंग्रजी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील आहे. तेथें तोफगोळ्यांचें काम करणाऱ्या ६४७ स्त्रियांस पांच आठवड्यांत किती किरकोळ अपघात झाले, याचे आंकडे ग्रीनवुड व यूल या दोघांनीं १९२० मध्यें प्रसिद्ध केले. ४४७ स्त्रियांस एकही अपघात झाला नव्हता. १३२ जणींस एक, ४२ जणींस दोन, २१ जणींस तीन, तिघींस चार आणि दोघींस पांच किंवा अधिक. सर्वांस धोका सारखाच असता तर प्वासाँच्या हिशेबानें निर्धोक राहिलेल्या ४०६ च असावयास पाहिजे होत्या, आणि तीन अपघात झालेल्या साताहून अधिक नकोत. येथें दोन्ही टोकें फुगलेलीं दिसतात. सरासरी सुमारें ०.४७, तर विचरण सुमारें ०.६९. ग्रीनवुड व यूल यांनीं असें धरलें कीं, प्रत्येक स्त्रीचा धोका निराळा आहे. कोणाचा थोडा, कोणाचा अधिक. अशा लहानमोठ्या सरासऱ्यांच्या अनेक प्वासाँ-वांटण्या एकत्र कालविल्या म्हणजे ऋण-द्विपद वांटणी तयार होते. तिच्या हिशेबानें ४४२, १४०, ४५, १४, ५ व २ असे आंकडे येतात, आणि ते प्रत्यक्षाशीं बरेच जुळतात.

येथें घाईनें निर्णय देण्याचा धोका आहे. ‘कांहीं बायका मुळांतच वेंधळ्या असतात’ असा निष्कर्ष यावरून काढणाऱ्यांची त्या काळीं वाण पडली नाहीं. परंतु एगेनबेर्गर व पोल्या यांनीं १९२३ मध्यें दाखविलें कीं, हीच वांटणी अगदीं निराळ्या वाटेनेंही जन्मास येते. आरंभीं सर्वांचा धोका सारखाच आहे, पण एक अपघात झाला म्हणजे पुढचा होण्याचा संभव वाढतो, असें धरलें तरी वांटणी तीच येते. एका वेळच्या आंकड्यांकडे पाहून या दोन जन्मकथांतील खरी कोणती हें ओळखतां येत नाहीं. आणि पहिली कथा खरी धरली तरी धोक्याचा भेद बाईच्या हातांत होता कीं तिच्या वांट्यास आलेल्या यंत्रांत होता, तें आंकडे सांगत नाहींत. वांटणी शंका कोठें घ्यावी एवढें दाखविते; खटला चालविण्याचें काम तिचें नव्हे.

म्हणून भिवंडीच्या त्या मालकास आमचा सल्ला असा राहील: एका ताक्यावरून कोणाचा न्याय करूं नये. चार आठवड्यांचे चार ताके एकत्र धरावे. त्यांत मिळून सरासरी आठ दोष अपेक्षित आहेत. आठाचें वर्गमूळ सुमारें २.८, त्याची तिप्पट साडेआठ. आठ आणि साडेआठ मिळून साडेसोळा. चार ताक्यांत सतरा किंवा अधिक दोष निघाले तर मात्र थांबून चौकशी करावी, कारण केवळ यदृच्छेनें असें हजारांत तीन-चार वेळांच होतें. मर्यादा ठरविण्याची ही रीत अमेरिकेंत १९२४ मध्यें शूहार्ट यानें काढली. १९४७-४८ मध्यें तो स्वतः भारतांत येऊन गेला होता. आणि चौकशी सुरू करावयाची ती विणकरापासून नव्हे, तर मागापासून. फणी झिजली आहे काय, धोट्यास कंगोरा आला आहे काय, बीम ढिली आहे काय, सूत ओलें कीं कोरडें, हें आधीं पाहावें. त्याच मागावर दुसरा विणकर बसवून व त्याच विणकरास दुसरा माग देऊन पाहिलें, तर दोष कोणाबरोबर जातो तें आपोआप कळेल.

या तीन कुळांचें परस्परांशीं नातें काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत आलाच असेल. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची प्रथा आहे. मूळ पुरुष कोण, शाखा कोणत्या, कोण कोठें जाऊन राहिला, हें सर्व त्यांत असतें. संभाव्यतेच्या वांटण्यांचाही असा मूळ पुरुष शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. कल्पना सोपी आहे. एखादी धन पदांची श्रेढी घ्यावी, तिची एकंदर बेरीज करावी, आणि प्रत्येक पद त्या बेरजेचा कितवा हिस्सा आहे तें पाहावें. बेरीज म्हणजे सबंध इस्टेट, प्रत्येक पद म्हणजे एकेका वारसाचा वांटा; सर्व वांटे मिळून रुपया पुरा होतो. श्रेढी बदलली कीं कुळ बदलतें. एका श्रेढींतून द्विपद वांटणी निघते, दुसरींतून प्वासाँची, तिसरींतून ऋण-द्विपद, आणि आणखी एकींतून लघुगणकी. ही शेवटची वांटणी फिशर यानें १९४३ मध्यें मलायांतील फुलपांखरांच्या जातींचा हिशेब लावतांना वापरली. थोड्या जातींचीं फुलपांखरें शेंकड्यांनीं सांपडतात आणि पुष्कळ जातींचें एकेकच सांपडतें, तो नियम हिच्यांत बसतो.

घातश्रेढींच्या या घराण्याकडे नोआक यानें १९५० मध्यें लक्ष वेधलें, आणि गणपति पाटील यांनीं १९६२ मध्यें त्याचें व्यापक रूप मांडलें. याच पाटलांच्या पुढाकारानें १९६३ मध्यें कॅनडांतील माँट्रिऑल येथें केवळ विविक्त वांटण्यांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली; आणि १९६८ मध्यें पाटील व जोशी या दोघांच्या नांवावर विविक्त वांटण्यांचा एक कोश प्रसिद्ध झाला. तो कोश म्हणजे या घराण्यांचा कुलवृत्तांतच होय. पाटील आणि जोशी हीं दोन आडनांवें एका पुस्तकावर शेजारीं पाहून, ज्यांस जुन्या गांवगाड्याची आठवण आहे अशा वाचकांस आपलेपणा वाटल्यावांचून राहणार नाहीं.

कुलवृत्तांताची गोष्ट निघालीच आहे तर माँट्रिऑलच्या त्याच परिषदेंत उपस्थित झालेला एक सूक्ष्म मुद्दा सांगितला पाहिजे. तो सी. आर. राव यांचा. ते म्हणतात, वांटणी जशी असेल तशी ती आपल्यापुढें येतेच असें नाहीं. आपण ती ज्या वाटेनें पाहतों ती वाट तिला वांकडी करते. मुलांच्या शाळेंतील एका वर्गांत तीस विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाच्या घरीं चार भावंडें आहेत असें समजा. प्रत्येकास विचारलें, ‘तूं धरून तुम्ही भाऊ किती, आणि बहिणी किती?’ तर सर्व मिळून भाऊ सुमारें ७५ आणि बहिणी सुमारें ४५ भरतील. गांवांत मुलगे फार झाले असें यावरून म्हणावें काय? नाहीं. उत्तर देणारा स्वतः मुलगा आहे. ज्या घरांत चारही मुली, त्या घरचा कोणी त्या वर्गांत बसलेलाच नाहीं. उत्तर देणारे तीस वजा केले कीं दोन्ही बाजू सारख्या होतात. राव यांनीं हा प्रश्न निरनिराळ्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष विचारून पाहिला होता.

आपले कुलवृत्तांत याच दोषास पात्र आहेत. त्यांत वंश पुरुषांकडून चालतो. ज्या घरीं मुलीच झाल्या ती शाखा ‘पुढें वंश नाहीं’ एवढ्या शब्दांनीं संपते आणि वाचणाऱ्याच्या नजरेंतून सुटते. पुस्तक चाळून ‘आमच्या घराण्यांत मुलगेच फार’ असें जो म्हणतो, तो घराण्याविषयीं कांहीं न सांगतां पुस्तक कसें रचलें गेलें तेवढेंच सांगत असतो.

आतां नाण्याची दुसरी बाजू. येथपर्यंत आम्ही यदृच्छेचा पक्ष घेतला. परंतु तिच्या पदराआड लपणाऱ्यांचा पक्ष आम्हांस घ्यावयाचा नाहीं. संख्या लहान असते तेव्हां यदृच्छा मनसोक्त खेळते. संख्या जसजशी वाढते तसतशी तिची मोकळीक आकुंचित होत जाते, हाही द्विपद-कुळाचा कुळाचारच आहे. चार अपत्यांच्या घरीं चारही मुलगे होणें सोळांत एक आण्याचें. पण दहा हजार जन्मांत मुलगे व मुली यांच्या प्रमाणांत शेंकडा दोन-तीनांचाही निव्वळ यदृच्छेचा फरक पडणें जवळ जवळ अशक्य. निसर्गतः मुलींपेक्षां मुलगे किंचित् अधिक जन्मतात. १००० मुलग्यांमागें मुली सुमारें ९५० असतात. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत १००० मुलग्यांमागें मुली होत्या ८९४. ही गणना एक कोटीहून अधिक बालकांची आहे. एवढ्या मोठ्या संख्येंत एवढी तूट यदृच्छा पाडूं शकत नाहीं. ती पाडणारा हात माणसाचा आहे. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ मध्यें, इतर राज्यांच्या आधीं, केला आणि १९९४ मध्यें तो विषय देशाच्या कायद्यांत आला. तरीही तूट राहिली. एका सुनेच्या पांच मुलींबद्दल दैवास किंवा तिला जबाबदार धरणारा समाज या तुटीबद्दल मात्र दैवाकडे बोट दाखवितो, तेव्हां त्यानें दोन्ही ठिकाणीं हिशेब नेमका उलटा लावलेला असतो.

हेंच कारखान्यासही लागू आहे. चाळीस विणकरांपैकीं दोघांचे एका आठवड्याचे दोष ही यदृच्छा. पण सबंध कारखान्याची सरासरी दोनावरून चारावर गेली आणि तेथेंच राहिली, तर ‘चालायचेंच’ म्हणून मालकानें सुटका करून घेऊं नये. सरासरी ही सुताची, मागांची, हवेची व कामाच्या तासांची मिळून बनते, आणि त्या बहुतेक गोष्टी विणकराच्या हातीं नसून मालकाच्या हातीं असतात. १९३६ च्या वेतनप्रदान कायद्यानें एक तत्त्व घालून दिलें होतें, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतनसंहितेनें तें राखलें आहे: कामगाराकडे सोंपविलेल्या मालाच्या नुकसानीबद्दल मजुरी कापावयाची, तर नुकसान त्याच्याच हयगयीमुळें झालेलें असलें पाहिजे, आणि कापण्यापूर्वीं त्याला आपली बाजू मांडण्याची संधि दिली पाहिजे. ‘त्याच्याच हयगयीमुळें’ या दोन शब्दांची शहानिशा करावयाची तर प्वासाँच्या वांटणीशीं ताडून पाहण्यासारखा स्वस्त व निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाहीं. एक वही, एक पेन्सिल आणि चार आठवड्यांचा धीर एवढेंच त्याला लागतें.

घरोघरीं हा प्रयोग सहज करतां येईल. मुलांस सुटी असेल तेव्हां त्यांच्याकडून एखादी साधी मोजणी करून घ्यावी: रोज घरीं येणारे पाहुणे, आठवड्यांत फुटणाऱ्या कपबशा, वर्षांत आजारपणाचे प्रसंग. सरासरी काढावी, विचरण काढावें, आणि दोन्ही शेजारीं मांडावीं. दोन्ही जवळ जवळ सारखीं निघालीं तर ज्या सुनेच्या किंवा नोकराच्या हातून गेल्या आठवड्यांत तीन बशा फुटल्या तिला किंवा त्याला मोकळ्या मनानें क्षमा करावी. किंबहुना क्षमा करण्यासारखें कांहीं घडलेंच नव्हतें हें समजावें. विचरण फार मोठें निघालें, तरीही माणसाकडे वळण्यापूर्वीं फडताळाची फळी तिरपी तर नाहीं ना, तेवढें पाहून घ्यावें.